वीज कमी असताना एक्स्चेंजवर युनिटला १० रुपयांची मर्यादा ठेवणं बरोबर आहे का?

शिरोली_फाउंड्री

नमस्कार मंडळी. आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, दोन इंडक्शन फर्नेस चालतात. लोड १ मेगावॅटच्या वर असल्यामुळे ओपन ॲक्सेस (वितरण कंपनी सोडून दुसरीकडून वीज घ्यायची मुभा) घेतलाय, थोडी वीज ट्रेडरमार्फत एक्स्चेंजवरून, म्हणजे विजेच्या बोलीच्या बाजारातून, घेतो आणि उरलेली वितरण कंपनीकडून. उन्हाळा आला की दर वर्षी तेच. दुपारी एक्स्चेंजवर वीज स्वस्त, काही दिवस तर अगदी कवडीमोल, आणि सूर्य मावळला की भाव उडी मारून १० रुपयांवर जातो आणि रात्री उशिरापर्यंत तिथनं हलत नाही. १० च्या वर जात नाही कारण सीईआरसीची, म्हणजे केंद्रीय वीज नियामक आयोगाची, मर्यादा आहे. पण गंमत अशी की १० ची बोली लावूनसुद्धा मागितली तेवढी वीज मिळत नाही, कधी निम्मी मिळते, कधी त्याहून कमी.

ज्यांना फाउंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भट्टीत लोखंड वितळलेलं असताना वीज कमी पडली तर नुसतं काम थांबत नाही. रस भट्टीतच थिजायला लागतो, लायनिंगला तडे जातात, मग ते तोडून नवीन भरायचं. म्हणून आमच्यासारख्याला वीज महाग मिळाली तर चालते, पण मिळणार की नाही हे आधी कळायला पाहिजे.

आमच्या कारखानदारांच्या बैठकीत यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो मर्यादा काढून टाका, भाव २०-२५ होऊ दे, ज्याला गरज आहे तो देईल आणि बंद पडलेली केंद्रं पण सुरू होतील. दुसरा म्हणतो मर्यादा काढली तर २०२२ च्या मार्चसारखं होईल, लुटून नेतील. मला दोन्ही पटतं म्हणून नीट माहिती असणाऱ्यांना विचारतोय. तुटवडा असताना भाव बांधायचा की मोकळा सोडायचा? आणि नियामकाने यापेक्षा वेगळं काही करायला पाहिजे का?

निवृत्त_ग्रिडवाला

शिरोलीकर, चांगला विषय काढलात. मी लोड डिस्पॅचमध्ये (ग्रिडवरच्या विजेचा मेळ सांभाळणाऱ्या केंद्रात) उभी नोकरी काढली, जरा लांबण लागेल पण सांगतो.

आधी एका ब्लॉकमध्ये काय होतं ते बघा. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात. समजा संध्याकाळचा ७ ते सव्वासातचा ब्लॉक आहे. विकणारे सांगतात अमुक भावाला इतके मेगावॅट देईन, घेणारे सांगतात अमुक भावाला इतके घेईन, आणि दोन्हीचा मेळ जिथे बसतो तो एकच भाव सगळ्यांना लागतो, म्हणजे ज्याने ३ रुपयांना विकायची तयारी दाखवली होती त्यालाही तोच भाव मिळतो. एरवी हे चांगलं चालतं. पण तुटवड्यात मेळ बसतच नाही. समजा १० रुपयांपर्यंत विकायला ४,००० मेगावॅट आहेत आणि १० रुपये मोजायला तयार असलेले १२,००० मेगावॅटचे गिऱ्हाईक रांगेत आहेत. भाव १० लागणार आणि ४,००० मेगावॅट सगळ्यांत प्रमाणात वाटले जाणार. तुम्ही दीड मेगावॅट मागितलेत तर तुमच्या वाट्याला अर्धा.

आता मर्यादा उठवून बघा. ४,००० चे ५,००० होतील, फार तर ६,०००, कारण महाग गॅस किंवा आयात कोळशावरची काही केंद्रं उठतील. पण १२,००० होणार नाहीत हो, कारण तेवढे संच त्या दिवशी देशात उभेच नसतात. आणि ते जादा एक-दोन हजार मेगावॅट यावेत म्हणून आधीच्या ४,००० मेगावॅटलासुद्धा २५ किंवा ३० चा भाव द्यावा लागेल, ज्यांचा खर्च ४-५ रुपये आहे त्यांना. हा पैसा नवीन वीज आणत नाही, नुसता खिशात जातो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, तुटवड्यात मर्यादा हवीच.

२०२२ ला काय झालं ते बरेच जण अर्धवट सांगतात. त्या वर्षी मार्चमध्येच उन्हाळा पेटला, कोविडनंतर कारखाने जोरात होते, युक्रेनच्या युद्धामुळे आयात कोळसा आणि गॅस आभाळाला भिडले आणि देशी कोळशाचे साठे केंद्रांवर आधीच तळाला होते, आदल्या ऑक्टोबरात टंचाई होऊन गेलीच होती. मार्चअखेर एक्स्चेंजवर भाव २० रुपयांवर गेला, तेव्हाची मर्यादा तीच होती. सीईआरसीने १ एप्रिलला स्वतःहून आदेश काढला की डे-अहेड (उद्याच्या विजेचा) आणि रिअल-टाइम (ऐन वेळच्या विजेचा) बाजारात १२ च्या वर बोलीच लावता येणार नाही. तरी एप्रिलची डे-अहेडची सरासरी १० रुपयांच्या आसपास राहिली. २९ एप्रिलला देशाची मागणी २०७ गिगावॅटवर गेली, आदल्या दिवशी कमाल मागणीच्या वेळी पावणेअकरा गिगावॅटच्या आसपास तूट होती. महाराष्ट्रात भारनियमन परत आलं, जे लोक विसरले होते.

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. मर्यादा फक्त दोन बाजारांना लावली होती. टर्म-अहेड (पुढच्या काही दिवस-आठवड्यांची वीज), इंट्रा-डे (त्याच दिवशीची), कंटिन्जन्सी (आयत्या गरजेची) हे बाजार मोकळे राहिले. मग विकणाऱ्यांनी काय केलं, माल तिकडे नेला. डे-अहेडमधली विक्री आटली आणि शेजारच्या खिडकीवर तीच वीज १२ च्या वर विकली जाऊ लागली. शेवटी ६ मेला आयोगाने मर्यादा एक्स्चेंजच्या सगळ्या प्रकारांना लावली. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, एक महिना वाया गेला आणि तो महिनाच सगळ्यात वाईट होता. पुढे एप्रिल २०२३ पासून १२ चे १० झाले, ती मर्यादा तुम्ही आज बघताय.

दुसरं म्हणजे एक्स्चेंजवर वीज मिळाली नाही म्हणून राज्यं हात बांधून बसत नाहीत. फीडर (एखाद्या भागाची वीजवाहिनी) बंद करायला कुणी मंत्री सहज तयार होत नाही, मग शेड्यूलपेक्षा जास्त ग्रिडमधून ओढली जाते. फ्रीक्वेन्सी ४९.९० हर्ट्झच्या खाली गेली की आमच्या खोलीत सगळ्यांचे फोन एकदम वाजायचे. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला अर्ध्याहून जास्त देश अंधारात गेला त्यात जास्तीची वीज ओढणं हे एक मोठं कारण होतं. म्हणून बाजाराचा भाव आणि जास्त ओढण्याचा दंड यांचं गणित जुळलेलं असावं लागतं. दंड बाजारापेक्षा स्वस्त पडला तर लोक ग्रिडलाच बाजार करून टाकतात.

पीपीए_बघणारा

ग्रिडवाले काकांशी निम्मा सहमत. मी वीजखरेदी करारांच्या (पीपीए) कामात आहे, कुठे ते सांगत नाही. मर्यादा हवी हे मान्य, पण किती हवी हा प्रश्न काकांनी बाजूलाच ठेवला.

मर्यादा जर एखाद्या केंद्राच्या नुसत्या इंधनखर्चाच्या खाली असेल तर ते केंद्र बंदच राहणार, त्यात नफेखोरीचा संबंध नाही. २०२२ मध्ये आयात कोळशावरच्या केंद्रांचं हेच झालं. मुंद्रा घ्या. टाटांचं ४,००० मेगावॅटचं केंद्र, त्यात आपल्या महाराष्ट्राचा करार ७६० मेगावॅटचा. बोली लावताना इंडोनेशियाचा कोळसा स्वस्त मिळेल हे धरून दर ठरवला होता, नंतर इंडोनेशियाने २०१० च्या सुमारास निर्यातीचे नियम बदलले आणि सगळं गणित फिसकटलं. मग वर्षानुवर्षं भांडण, आयोग, अपिलेट ट्रिब्युनल आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्ट, की परदेशातल्या कायद्यातला बदल हे करारातून सुटायचं कारण होत नाही. कायद्याने निकाल बरोबर असेल, पण कोळसा महागला की करारातल्या दराला ते केंद्र चालवणं म्हणजे प्रत्येक युनिटमागे तोटा. मग चालवणार कोण?

शेवटी ५ मे २०२२ ला केंद्र सरकारने वीज कायद्याचं कलम ११ वापरलं. सगळ्या आयात कोळशाच्या केंद्रांनी पूर्ण क्षमतेने चालायचं, इंधनाचा खर्च समितीने ठरवलेल्या दराने भरून मिळेल, आधी करारवाल्या राज्यांना वीज द्या, उरली तर एक्स्चेंजवर विका. मला हा उपाय नुसत्या मर्यादेपेक्षा कितीतरी चांगला वाटला. कारण त्यात महाग केंद्राला त्याचा खरा खर्च मिळतो आणि तो महाग भाव बाकीच्या स्वस्त केंद्रांना मिळत नाही. काका म्हणतात तो खिशात जाणारा पैसा वाचतो आणि संचही चालतो. पुढे हा आदेश वारंवार वाढवला, २०२४ च्या उन्हाळ्यात गॅसच्या केंद्रांसाठीपण तसाच काढला. पण आणीबाणीचं कलम दर वर्षी वापरायचं म्हणजे व्यवस्था बसलेली नाही हेच सिद्ध होतं.

मार्च २०२३ मध्ये महाग विजेसाठी वेगळा हाय प्राइस डे-अहेड बाजार सुरू केला, गॅस, आयात कोळसा, बॅटरी अशांसाठी, तिथे सुरुवातीला मर्यादा ५० रुपये होती, नंतर २० केली. विचार चांगला होता. पण तिथे घ्यायला येणार कोण? २० रुपयांनी घेतलेली वीज ग्राहकाला ७-८ ला द्यायची, फरक आयोगापुढे मंजूर होईल की नाही याची खात्री नाही, वितरण कंपनीचा कुठलाही अधिकारी ही सही करताना शंभर वेळा विचार करतो. भारनियमन केलं तर लोक शिव्या देतात, चौकशी लागत नाही, महाग वीज घेतली तर चौकशी लागते. जोवर हे असं आहे तोवर त्या बाजारात व्यवहार होणार नाहीत.

आणि मूळ दुखणं एक्स्चेंजवर नाहीच. देशातल्या विजेचा जेमतेम ७ टक्क्यांच्या आसपास वाटा एक्स्चेंजवरून जातो, बाकी बहुतेक दीर्घ मुदतीच्या करारांतून. दहा वर्षांपूर्वी महाराष्ट्रात कागदावर वीज जास्त झाली होती, संच बॅकडाउन करून (उत्पादन कमी किंवा बंद करून) ठेवायचे आणि त्यांचा स्थिर आकार, जो वीज न घेताही द्यावा लागतो, तो मात्र ग्राहकाने भरायचा, त्यावर केवढी ओरड झाली. त्यानंतर जवळपास सगळ्याच राज्यांनी नवीन औष्णिक करारांतून हात काढून घेतला, कमी पडली तर बाजारातून घेऊ. एका राज्याने असं केलं तर चालतं. सगळ्यांनी एकाच वेळी केलं की बाजारात सगळे घ्यायलाच उभे, विकणारा कुणीच नाही.

बिल_भरणारी_सांगली

वरचं सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं, पण एक बाजू राहिली. २० रुपये असो की १०, शेवटी भरतं कोण ते बघा. वितरण कंपनीने महाग वीज घेतली की इंधन समायोजन आकार म्हणून दोन-तीन महिन्यांनी आमच्या बिलात येतो, तेव्हा कुणाला आठवतही नसतं की हे कधीच्या विजेचं. दुसरीकडे फीडर बंद करायची वेळ येते तेव्हा यादीत वरचा नंबर कुणाचा? जिथे थकबाकी आणि गळती जास्त त्या भागाचा, म्हणजे त्या गटात प्रामाणिकपणे बिल भरणारासुद्धा अंधारात. द्राक्षबागेला एप्रिल छाटणीनंतर पाणी लागतं, तेव्हा रात्रीची वीज कमी केली की ठिबक चालत नाही, तिथे कुठलाही भाव द्यायची तयारी असून उपयोग नाही कारण शेतकऱ्याला एक्स्चेंजवर जाताच येत नाही.

फाउंड्रीवाले दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण "ज्याला गरज आहे तो देईल" हे वाक्य मला पटत नाही. देऊ शकतो तो देईल. गरज आणि ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वीज ही चैनीची वस्तू नाही. मर्यादा राहू दे. आणि भारनियमनाचं वेळापत्रक आदल्या दिवशी लोकांना कळवणं सक्तीचं करा, त्याला काही गिगावॅट लागत नाहीत.

शिरोली_फाउंड्री

ताई, बरोबर बोललात, मला तसं म्हणायचं नव्हतं, बैठकीत जे बोललं गेलं तेच लिहिलं. तुमचा वेळापत्रकाचा मुद्दा आम्हाला पण लागू आहे, मी वर तेच म्हणतोय की आधी कळायला पाहिजे.

पीपीए साहेब, तुम्ही म्हणताय मूळ दुखणं करारांत आहे. मग नियामकाने आधीच सक्ती करावी का की प्रत्येक वितरण कंपनीने पुढच्या काही वर्षांची वीज बांधून ठेवलीच पाहिजे? परदेशात म्हणे नुसती क्षमता तयार ठेवण्यासाठी वेगळे पैसे देतात, ते कसं चालतं कुणी सांगेल का?

एडिसनकर

मी सांगतो, मी न्यू जर्सीत राहतो आणि आमच्याकडे गेल्या वर्षीपासून हाच विषय घराघरात आहे, इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सुद्धा लोक एकमेकांना बिलं दाखवतात.

इथे पीजेएम नावाची प्रादेशिक बाजार चालवणारी संस्था आहे, १३ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी, सहा-साडेसहा कोटींवर लोक. ती रोजच्या विजेचा बाजार चालवतेच, शिवाय क्षमतेचा वेगळा लिलाव करते. म्हणजे अमुक वर्षी मी इतके मेगावॅट तयार ठेवीन, बोलावलं की देईन, त्याबद्दल दर दिवशी दर मेगावॅटला इतके डॉलर. हा लिलाव तीन वर्षं आधी व्हायचा असा मूळ नियम, म्हणजे भाव चढला तर नवीन केंद्र बांधायला वेळ मिळावा. पण नियमांच्या भांडणात लिलाव पुढे पुढे ढकलले गेले आणि मधलं अंतर वर्षावर आलं. आता वर्षभरात कोण केंद्र बांधणार?

२०२४-२५ साठी भाव होता २८.९२ डॉलर. २०२५-२६ साठी झाला २६९.९२. नऊ पटीच्या वर. एकूण बोजा २.२ अब्ज डॉलरवरून १४.७ अब्ज. कारणं तुमच्यासारखीच, जुनी कोळशाची केंद्रं बंद, नवीन प्रकल्प ग्रिडला जोडून घ्यायच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेले, आणि मागणीच्या बाजूने डेटा सेंटर, विशेषतः उत्तर व्हर्जिनियात. शिवाय डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात पीजेएमची जवळपास पाव क्षमता ऐन वेळी बंद पडली, त्यात गॅसची केंद्रं सगळ्यात जास्त, म्हणून नंतर प्रत्येक केंद्राची खरी भरवशाची क्षमता किती हे कडक मोजायला लागले आणि कागदावरचे मेगावॅट घटले. जून २०२५ पासून न्यू जर्सीत घरगुती बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली. गव्हर्नरच्या निवडणुकीत वीजबिल हाच मोठा मुद्दा झाला.

मग पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर शपिरो यांनी तक्रार दाखल केली आणि तडजोडीत पुढच्या दोन लिलावांना खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा लावल्या, केंद्रीय नियामक फर्कने त्या मंजूर केल्या. निकाल बघा. २०२६-२७ ला भाव थेट वरच्या मर्यादेवर, ३२९.१७. २०२७-२८ ला परत मर्यादेवर, ३३३.४४, आणि त्या वेळी तर हवी तेवढी क्षमता मिळालीच नाही, ६,६२३ मेगावॅट कमी पडले. म्हणजे शिरोलीकर, तुमच्या ७ वाजताच्या ब्लॉकमध्ये जे होतं तेच इथे अख्ख्या वर्षाच्या लिलावात झालं. मर्यादा नसती तर बिलं आणखी वाढली असती हे नक्की, पण मर्यादेने केंद्र उभं केलं नाही हेही तितकंच नक्की. मला ही मर्यादा तरीसुद्धा योग्य वाटते, कारण जोडणीची रांग सुटत नाही तोवर जास्त भाव देऊनही नवीन कुणी येऊ शकत नव्हतं.

काकांनी सांगितलेली खिडकी बदलायची गोष्ट कॅलिफोर्नियात २०००-०१ मध्ये झाली होती. तिथे राज्याच्या बाजारावर मर्यादा होती, पण शेजारच्या राज्यांवर नव्हती, मग वीज बाहेर जायची आणि तीच आणीबाणीत महाग होऊन परत यायची. त्या घोटाळ्यातली एक मोठी कंपनी कोण, तर एन्रॉन, जी तेव्हाच आपल्या दाभोळच्या करारावरून राज्य वीज मंडळाशी भांडत होती. किरकोळ दर गोठवलेले आणि घाऊक भाव आकाशात, त्यात पीजी अँड ई ही तिथली सगळ्यात मोठी वितरण कंपनी एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. जून २००१ मध्ये फर्कने अख्ख्या पश्चिम विभागाला एकच मर्यादा लावली तेव्हा कुठे भाव खाली बसले, अर्थात तोपर्यंत दीर्घ मुदतीचे करार, नवीन केंद्रं आणि लोकांनी केलेली बचत यांचाही हातभार होता. एका प्रदेशाच्या तारा जोडलेल्या असतील तर नियम पण सगळ्या प्रदेशाला एक हवा, एवढं मला त्यातून पटलंय.

आणि मोकळा भाव म्हणाल तर टेक्सास. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत तिथे मर्यादा मेगावॅट-तासाला ९,००० डॉलर होती आणि भाव दिवसचे दिवस तिथे ठेवला होता. गोठलेल्या गॅसच्या विहिरी ९,००० डॉलर बघून वितळल्या नाहीत. नंतर त्यांनी मर्यादा ५,००० वर आणली.

निवृत्त_ग्रिडवाला

एडिसनकर, धन्यवाद, फार कामाची माहिती दिलीत. तारांचा मुद्दा इथेही आहे. दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाशी नीट जोडला गेला तो ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन चालू झाली तेव्हा. त्याआधी तिकडे एक्स्चेंजवर भाव आपल्यापेक्षा कितीतरी वर असायचा, कारण इकडे वीज असून पाठवायला वाट पुरत नव्हती. त्यामुळे भाव वर गेला की आधी बघायचं, वीज नाही की वाट नाही. वाट नसेल तर मर्यादेने आणि मोकळ्या भावाने दोन्हीने काही होत नाही, लाइनच टाकावी लागते.

शिरोलीकरांच्या सक्तीच्या प्रश्नाचं उत्तर, हो, आणि ती सुरू झाली आहे. डिसेंबर २०२२ च्या नियमांत संसाधन पर्याप्तता आली, जून २०२३ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली, आपल्या एमईआरसीने (राज्य वीज नियामक आयोगाने) २०२४ मध्ये त्याचं विनियमन केलं. आता वितरण कंपनीने पुढच्या दहा वर्षांची मागणी मांडायची, ती भागवायला कुठली क्षमता कशी बांधली ते दाखवायचं, आणि कमी पडली तर दंड. मी या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त आशा ठेवून आहे. पण मेगावॅट मोजताना ते संध्याकाळी ७ ला किती मिळतात हे मोजलं पाहिजे. ५,००० मेगावॅट सौर म्हणजे दुपारी छान, ७ वाजता शून्य. २०२४ मध्ये राज्याने ६,६०० मेगावॅटचा करार केला त्यात ५,००० सौर आणि १,६०० औष्णिक आहे, दर ४.०८ रुपये. संध्याकाळच्या हिशोबात त्यातले १,६०० च धरा, तेही ते संच उभे राहतील तेव्हा.

संध्याकाळसाठी आपल्याकडे पूर्वापार कोयना आहे, १,९६० मेगावॅट, काही मिनिटांत लोडवर येते. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलीय, हिशोब १ जून ते ३१ मे. मार्चमध्ये पाणी वापरून टाकलं तर मेच्या संध्याकाळी हात रिकामे. म्हणून डिस्पॅचमध्ये बसलेला माणूस एप्रिलपासून कोयनेचा एक एक टीएमसी जपत असतो. दुपारच्या फुकट सौर विजेने पाणी वर चढवून संध्याकाळी सोडायची घाटघरसारखी उदंचन केंद्रं हवीत, घाटघर २५० मेगावॅटचं आहे, आपल्या सह्याद्रीत अशा जागा भरपूर आहेत. आणि बॅटऱ्या, त्या तर दोन वर्षांत बसवता येतात.

पीपीए_बघणारा

काका, घाटघर आणि बॅटरीच्या बाबतीत एक जोडतो. दुपारी २ रुपयांना भरायची आणि संध्याकाळी १० ला विकायची, हा ८ रुपयांचा फरक आहे म्हणून बॅटरीवाले येतायत. मर्यादा उद्या ६ केली तर ते येणार नाहीत. म्हणून ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीसुद्धा मर्यादा कमी करा अशी मागणी जपून करावी. मला १० ठीक वाटते, साठवणूक वाढली की भाव आपोआप त्याच्या खाली येईल. आणि आयोगाने मर्यादा कशी ठरवली, कुठल्या केंद्राचा इंधनखर्च धरला, तो कोळशाच्या भावाप्रमाणे कधी तपासणार, हे सगळं आधी जाहीर करून ठेवावं. २०२२ ला रातोरात बदललं तसं परत नको, त्याने विकणारा आणि घेणारा दोघंही बिथरतात.

शिरोलीकर, तुमच्यापुरतं सांगायचं तर, संध्याकाळची वीज रोज डे-अहेडवर सोडू नका. टर्म-अहेडमध्ये आठवड्याची-महिन्याची बोली लावता येते किंवा ट्रेडरकडून उन्हाळ्यापुरता द्विपक्षीय करार घ्या, थोडा महाग पडेल पण मेगावॅट बांधलेले राहतील. जुलै २०२५ पासून एमसीएक्स आणि एनएसईवर विजेचे वायदे आलेत, त्याने भावाची जोखीम बांधता येते, पण लक्षात ठेवा त्यात प्रत्यक्ष वीज मिळत नाही, फक्त पैशाचा हिशोब होतो. तुमची अडचण वीज मिळण्याची आहे, त्यामुळे वायद्याने ती सुटणार नाही.

शिरोली_फाउंड्री

सगळ्यांचे आभार. बैठकीत आता मर्यादा काढा ही मागणी करायला मी तरी विरोध करणार. त्याऐवजी आयोगाच्या सुनावणीला लेखी सूचना द्यायच्या म्हणतोय: मर्यादेचं सूत्र जाहीर करा, पर्याप्ततेच्या आराखड्यात संध्याकाळचे मेगावॅट वेगळे दाखवा, आणि ताई म्हणाल्या तसं फीडरवार वेळापत्रक आदल्या दिवशी. भट्टीची एक पाळी दुपारी सरकवता येते का तेही बघतोय, सकाळी दहाला चार्ज टाकला तर चारपर्यंत दोन हीट (वितळवणीच्या फेऱ्या) निघतात, माणसांना उन्हाचा त्रास होईल म्हणून शेडला वरून पंखे आणि पाण्याची फवारणी बसवावी लागेल. पीपीए साहेब, महिन्याच्या टर्म-अहेडची बोली साधारण किती दिवस आधी लावावी लागते आणि त्याला एसएलडीसीची (राज्याच्या लोड डिस्पॅच केंद्राची) वेगळी संमती घ्यावी लागते का, तेवढं सांगा.

पीपीए_बघणारा

संमती लागते, तुमच्या बाजूची एसएलडीसी आधी बघते की मीटर नीट आहे का, लाइनला जागा आहे का, ओपन ॲक्सेसचं काही थकलंय का. एक्स्चेंजसाठी आधीच घेतलेली असेल तर तिची मुदत आणि मेगावॅट तपासा, बऱ्याचदा ती संध्याकाळच्या वाढीव मेगावॅटला पुरत नाही. बोलीचे दिवस कराराच्या प्रकाराप्रमाणे बदलतात, ट्रेडरकडून चालू वेळापत्रक मागून घ्या. मे हवा असेल तर फेब्रुवारीतच बोलायला लागा, एप्रिलमध्ये सगळे एकदम धावतात.

बिल_भरणारी_सांगली

दादा, सुनावणीचा मसुदा तयार झाला की इथे टाका. घरगुती आणि शेतीच्या ग्राहकांच्या वतीने आमच्या भागातल्या सह्या मी गोळा करून देते.